दोनास एक

पहिल्या तासाला उल्ले बाईंनी
फळ्यावर एक मुंडकं काढलं, उभं चिरलेलं.
डोळे नाहीत, केस नाहीत,
नुसते दात, टाळू, पडजीभ
आणि मधे निजलेली जीभ.
म्हणाल्या, हिला हाड नसतं एवढं तुम्हाला ठाऊक आहे.
आता वर्षभर बघू, काय काय असतं.

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
आम्ही बावीस जण ओठांपुढे कागदाच्या पट्ट्या धरून
प, प, प करत बसलेलो.
पट्टी हलली तर महाप्राण, नाही हलली तर अल्पप्राण.
खिडकीखाली पानं लोटणारा माणूस
झाडू टेकवून वर बघायचा
आणि पुन्हा लोटायला लागायचा.

मी नार्वाची, नदीकाठची.
घरात रशियन, शाळेत रशियन,
एस्टोनियन फक्त पाट्यांवर आणि पाकिटांवर.

मग तो शब्द आला.
लिना म्हणजे चादर.
लिन्ना म्हणजे शहराचा.
लिन्ना म्हणजे शहरात.
शेवटचे दोन लिहायला एकच.
म्हणताना, बाई म्हणाल्या, तिसऱ्यात न वर अंमळ रेंगाळा
आणि शेवटचा आ आखडता घ्या.
दोनास तीन, तीनास दोन, दोनास एक,
पाढ्यासारखं घोकून घेतलं आमच्याकडून.
सगळा वर्ग माना हलवत होता,
ज्यांना हे कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

मला दोन्ही लिन्ना सारखेच.
पुन्हा लावा, म्हटलं. पुन्हा लावलं.
सारखेच.
कान शिकलेला आहे तुझा, बाई म्हणाल्या,
वर्षाचा व्हायच्या आत त्यानं ठरवून टाकलं,
कुठला फरक ठेवायचा, कुठला गाळायचा.
गाळलेलं परत मागायला गेलं
की तो कानावर हात ठेवतो.

आई कापडगिरणीत होती. गिरणी बंद पडली,
मग भाषेची परीक्षा आली. तीनदा बसली.
तिसऱ्यांदा परतली ती बूट न काढता
ओट्याशी उभी राहिली. म्हणाली,
ते तोच शब्द दोनदा म्हणतात, ताया,
आणि विचारतात, फरक सांग.
मी तेव्हा हसले होते.

आयगर दक्षिणेकडच्या खेड्यातला.
त्यांच्या बोलीत अनेकवचन म्हणजे
शब्दाच्या टोकाला घसा खटकन मिटणं.
शाळेत विचारायचे, घास अडकला का रे?
वर्गात तो कधी ब्र काढत नसे.
ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र बाईंनी म्हणायला लावलं,
जुनी घरं.
पडद्यावर करड्या रेघांचं रान उगवलं
आणि दोन शब्दांच्या मधोमध
एक कोरी, पांढरी पट्टी.
बाईंनी तिच्यावर बोट टेकलं.
इथे बघ. एकाहून जास्त घरं आहेत.
आयगर त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला, बराच वेळ,
मग खोकला, खराखुरा खोकला,
आणि आम्ही सगळे हसलो, तोही.

डिसेंबरात मी माझाच लिन्ना मोजला.
चाळीस वेळा म्हटला, सरासरी काढली.
‘शहराचा’ ओलांडून थोडा पुढे,
‘शहरात’च्या पुष्कळ अलीकडे.
ना शहराची, ना शहरात पोचलेली.
वेशीला टांगलेला एक न.
अहवालात लिहिलं,
मूल्य दोन्ही गटांच्या दरम्यान आढळते.
बाईंनी खाली बरोबरची खूण केली.

रविवारी फोनवर आईला म्हटलं, न वर थांब.
किती?
सुईत दोरा ओवताना श्वास धरतेस ना, तितकं.
ती थांबली.
पलीकडे किटली शिटी द्यायला लागली,
तिनं ती वाजू दिली.
मग म्हणाली.

ते मी मोजलेलं नाही.